परवाना खाणीला, भार गावाला : गोव्याच्या लोहखनिजाचा हिशेब

गोव्याच्या खाणबंदीचा विषय निघाला की चर्चा दोनच वाटांनी जाते. एक वाट बेकायदा उपशाची, दुसरी बुडालेल्या रोजीरोटीची. दोन्ही गोष्टी घडल्या आहेत आणि दोन्हींवर भरपूर लिहून झाले आहे. पण २०१२ मध्ये सगळे ठप्प होण्याआधी बरीच वर्षे एक साधी बेरीज करायची राहून गेली होती. पर्यावरण दाखला एकेका खाणीला मिळत गेला. टिपर (खनिज वाहणारे ट्रक) मात्र धावले त्याच मोजक्या रस्त्यांवरून, गाळ उतरला त्याच ओढ्यांत आणि पाणी आटले त्याच विहिरींचे. निसर्ग राखून उद्योग वाढवायचा असेल तर मर्यादा कशावर घालायची, टनांवर, रस्त्यावर की पाण्यावर, हा प्रश्न इथे अगदी उघडा पडतो.

शंभर हेक्टरांचे तुकडे

खनिजाचा पट्टा डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे या तालुक्यांतून जातो. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला मांडवी आणि जुवारी. या नद्यांत भरतीचे पाणी आतवर येते, त्यामुळे बार्ज (सपाट तळाची मालवाहू होडी) खाणीपासून काही किलोमीटरवरच्या धक्क्यापर्यंत पोचते. गोव्याच्या मालाचे खरे बळ हेच. त्यात लोहाचे प्रमाण ओडिशा किंवा बळ्ळारीच्या मालापेक्षा कमी आणि भुकटीच जास्त, पण टिपरचा प्रवास आखूड आणि पुढे मुरगावपर्यंत पाण्यातून. म्हणून हलका माल परदेशी विकणेही परवडायचे. देशातल्या पोलाद कारखान्यांना तो फारसा नको असे. जवळजवळ सगळा निर्यातीला जाई, आधी जपानला, पुढे चीनला.

जमिनीचे वाटप पोर्तुगीज काळातले. १९०६ च्या हुकुमानुसार खाणींची कन्सेशने (खाणकामाचे हक्क) दिली गेली, मुदतीविना आणि साधारण १०० हेक्टरांच्या आतली. मुक्तीनंतरही ती तशीच चालली. १९८७ च्या कायद्याने ती रद्द करून त्यांची लीजे (मुदतीचे पट्टे) केली आणि हा बदल २० डिसेंबर १९६१ पासून लागू धरला. खाणमालक न्यायालयात गेले, अंतरिम आदेशांवर काम चालू राहिले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की या लीजांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली होती.

ही कायद्याची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातल्या १०० हेक्टरांच्या आकड्याकडे मात्र कुणी फारसे पाहत नाही. लोहखनिजाचा एक टन काढायला गोव्यात साधारण अडीच ते तीन टन टाकाऊ माती-दगड उपसावा लागतो. खड्डा खोल जातो तसा त्याच्या कडांना पायऱ्या ठेवाव्या लागतात, म्हणजे वरचे तोंड रुंदावते. तुकडा लहान असला की खड्ड्याने सगळी जागा खाल्ली. माती टाकायची कुठे? ती लीजबाहेर, शेजारच्या खासगी किंवा पडीक जमिनीत गेली. डंप, म्हणजे या टाकाऊ मातीचे ढीग, हे गोव्याच्या खाणपट्ट्याचे ठळक रूप झाले ते त्यामुळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालात लीजबाहेर माती टाकणेच बेकायदा ठरले, तेव्हा शंभर वर्षांपूर्वी आखलेल्या तुकड्यांचा दोष एका वाक्यात समोर आला.

उसळी

१९९० च्या दशकात निर्यात वर्षाला दीड कोटी टनांच्या आसपास होती. चीनची मागणी वाढली आणि २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून ५ कोटी टनांहून जास्त माल गेला. त्यात कर्नाटकातून आलेला मालही होता. त्याच सुमारास दोन बदल झाले. २००९ मध्ये भारतीय खाण ब्युरोने हेमेटाइट या लोहखनिजासाठी लोहाच्या प्रमाणाची किमान पातळी ५५ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आणली, त्यामुळे कालचा टाकाऊ डंप आज विकाऊ झाला. आणि ऑगस्ट २००९ पर्यंत स्वामित्वधन (सरकारला द्यायची रॉयल्टी) टनामागे ठरावीक मोजक्या रुपयांत होते. ते नंतर किमतीच्या १० टक्के झाले. म्हणजे उसळीच्या पहिल्या काही वर्षांत भाव चढत होता आणि सरकारच्या हाती पडणारा टनामागचा पैसा जवळपास जागच्या जागी होता. असा करार शेतकरी आपल्या आंब्याच्या झाडाबाबतही करणार नाही.

२०११ च्या सुरुवातीला ६२ टक्के लोहाच्या मालाचा चीनमधला भाव टनाला १८० डॉलरच्या वर गेला. डिचोली-सांग्यातल्या घराघरांत कर्ज काढून टिपर आले. इथे घाईचे बी पेरले गेले. टिपरवाल्याला पैसे मिळत टन आणि अंतरावर, म्हणजे शेवटी फेऱ्यांवर. हप्ता दरमहा ठरलेला, हंगाम ऑक्टोबर ते मे. मग जास्त भरणे आणि जोरात हाकणे हेच शहाणपण ठरते. ताडपत्री न बांधणे, रस्त्यावर सांडलेली माती, शाळेसमोरचे अपघात या तक्रारींचे मूळ चालकांच्या स्वभावात शोधणाऱ्यांनी भाडे ठरवण्याची पद्धत पाहिलेली नसते.

एक रस्ता किती टन पेलतो

हा हिशेब कागदावर पाच मिनिटांचा आहे.

टिपर १० टनी धरा. गावातून वाहतुकीला दिवसाचे ८ तास द्या. शाळा सुटायची-भरायची वेळ आणि रात्र वगळता यापेक्षा जास्त मिळत नाहीत. दर मिनिटाला एक भरलेला टिपर जाऊ द्या. म्हणजे ८ तासांत ४८० फेऱ्या, ४,८०० टन. हंगाम २४० दिवसांचा धरला तर वर्षाला साडेअकरा लाख टन. लक्षात घ्या, दर मिनिटाला एक रिकामा टिपर परतही येतो, तेव्हा रस्त्याकडेच्या घरासमोरून दर अर्ध्या मिनिटाला एक गाडी जाते. हे काही आरामाचे चित्र नव्हे. सहन करण्याच्या कडेवरचे आहे.

आता २ कोटी टनांसाठी, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने पुढे राज्याला घालून दिलेल्या वार्षिक मर्यादेसाठी, असे किती स्वतंत्र रस्ते हवेत? सतरा-अठरा. ५ कोटींसाठी त्रेचाळीस. खाणपट्ट्यात खाणीकडून धक्क्याकडे जाणारे एवढे वेगवेगळे रस्ते नाहीतच. पट्ट्यातले बरेचसे रस्ते गावातून, देवळासमोरून, बाजारातून जाणारे, मूळचे एकपदरी. त्यामुळे उसळीच्या काळात गाड्यांमधले अंतर सेकंदांवर आले आणि सावर्डे-कुडचडे भागात टिपरांच्या रांगा हा रोजचाच प्रकार झाला.

प्रत्येक खाणीच्या पर्यावरण अहवालात वाहतुकीचे प्रकरण असते. त्यात त्या खाणीच्या गाड्या मोजलेल्या असतात आणि रस्त्याची क्षमता पुरेशी असल्याचे लिहिलेले असते. एका खाणीपुरते ते खरेही असते. दहा खाणींचे दहा अहवाल एकाच रस्त्याला दहा वेळा रिकामा धरतात, गोची तिथे आहे.

धुळीचे मोजमापही असेच फसते. राष्ट्रीय मानकानुसार हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. यंत्र कंपनीच्या कार्यालयाच्या गच्चीवर ठेवले तर आकडा सुरेख येतो. रस्त्यापासून पाच-दहा मीटरवरच्या ओसरीवर ठेवले तर वेगळाच. शिवाय पाणी मारून धूळ बसवणे दुपारी तासाभरापुरतेच टिकते, आणि ते पाणी सांडलेल्या मातीचा चिखल करून टायरांबरोबर पुढच्या गावात नेते. खरा उपाय म्हणजे खाणीच्या फाटकावर चाके धुण्याचा हौद, भराई काठाच्या खाली आणि ताडपत्री. तिन्ही स्वस्त. तिन्ही फेरीचा वेळ खातात, म्हणून होत नाहीत.

विहिरी का आटतात

बाहेरून आलेल्याला इथला मुख्य धोका जंगलतोडीचा वाटतो. गावात विचारले तर उत्तर पाणी हे येते, आणि भूगर्भ गावाच्या बाजूने साक्ष देतो.

वरचा थर जांभ्याचा, सच्छिद्र, पावसाचे पाणी धरणारा. त्याखाली गुलाबी-पांढरी चिकणमाती, पाणी फारसे न सोडणारी. आणि तिच्या आत-खाली भुकटी खनिजाचे पट्टे, जे स्वतःच पाणी साठवतात. म्हणजे काढायचे खनिज आणि गावाचे पाणी एकाच जागी आहे. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली की पंप लावावे लागतात. पंप लागले की आजूबाजूच्या विहिरींचे आणि झरींचे पाणी खड्ड्याकडे वळते. काही खाणी समुद्रसपाटीच्याही खाली उतरल्या. शिरगावातल्या विहिरींचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला.

पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. तालुक्यांत ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ५० हेक्टरांच्या खड्ड्यात एका मोसमात निव्वळ वरून पडणारे पाणी १५ लाख घनमीटर होते, झिरपा वेगळाच. ते उपसून नाल्यात सोडतात. काही गावांत हेच उपसलेले पाणी पाटाने शेतात जायचे. झर आटली ती खाणीमुळे, आणि वायंगण (उन्हाळी भात) पिकते तेही खाणीच्या पंपावर, अशी विचित्र गाठ बसली. खाण बंद पडली तेव्हा पंपही थांबला आणि शेत दोन्हीकडून कोरडे राहिले. खाण थांबवली की निसर्ग पूर्ववत होतो असे मानणाऱ्यांनी हा तपशील विसरू नये. पाणी भरलेला खड्डा भर पावसात गावाच्या वर उभा असतो. त्याचा बांध फुटणार नाही याची काळजी बंद खाणीतही कुणाला तरी घ्यावी लागते.

डंप, तळी आणि शेतातला गाळ

डंपची माती बारीक. उघड्या उतारावर पहिल्या जोरदार सरीत ती वाहू लागते. त्यावर ठरलेला उपाय असा: उतार पायऱ्यांचा ठेवायचा, पायथ्याशी जांभ्या दगडाची भिंत, भोवती चर, चराचे पाणी निवळण तळ्यात आणि तिथून नाल्यात; वर काथ्याची जाळी अंथरून लागवड. गोव्यात लागवड बहुधा ऑस्ट्रेलियन बाभळीची आणि काजूची झाली. बाभूळ लवकर वाढते, फोटोत हिरवे दिसते. तिच्याखाली गवत-झुडूप कमी येते आणि माती धरण्याचे काम खरे तर गवताचे असते.

मोडते ते बहुतेक वेळा तळ्यापाशी. २५ हेक्टरांचा डंप घ्या. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात नवलाचा नव्हे. त्यातला ६० टक्के वाहून आला तर १५,००० घनमीटर पाणी. ५० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तळ्यात मावते ४,५०० घनमीटर. सव्वासात तासांत तळे भरले. पुढचे पाणी आत येते तसे बाहेर जाते, आणि चिकणमातीचे कण बसायला तास नव्हे, दिवस लागतात. त्यात मागच्या वर्षीचा गाळ मे महिन्यात काढलेला नसेल तर निम्मे तळे आधीच भरलेले. म्हणून तळे पाहायला पाहणी पथक जानेवारीत गेले तर सगळे ठीक दिसते.

नाल्यातून गाळ भातशेतात येतो. पिसुर्ले, शिरगाव, कुडणे, मये या भागांतल्या तक्रारी याच. गाळाचा पातळ थर सुकला की घट्ट पापुद्रा होतो, त्यातून पाणी मुरत नाही, रोप पिवळे पडते. एका हेक्टरवर ५ सेंटिमीटर गाळ बसला तर तो ५०० घनमीटर होतो, वजन साधारण ८५० टन, म्हणजे १० टनी टिपरच्या ८५ फेऱ्या. तो उचलायचा तर त्याबरोबर वरची सुपीक मातीही जाते. त्यापेक्षा कंपनीला दर वर्षी पिकाची नुकसानभरपाई देणे सोपे, आणि शेतकऱ्यालाही नांगर न धरता पैसे. दहा-पंधरा वर्षे भरपाई घेतल्यावर बांध आणि पाट सांभाळणारे हात उरत नाहीत. भरपाई पिकाची मिळाली. बांध-बंदिस्तीची, पाण्याच्या पाळ्या ठरवणाऱ्या गावव्यवस्थेची किंमत कुणी धरलीच नाही.

खालच्या अंगाला ओपा येथे खांडेपार नदीवर पाणीपुरवठा प्रकल्प आहे, आणि सांग्यात साळावली धरणाच्या पाणलोटातही खाणी होत्या. पट्ट्यातला गाळ हा फक्त पट्ट्याचा प्रश्न राहत नाही.

थांबा, चला, थांबा

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाचा गोव्यावरचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत मांडला गेला. त्यात नुकसानीचा अंदाज ३४,९३५ कोटी रुपयांचा होता. तीन दिवसांत राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले, १४ तारखेला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने दाखले रोखले आणि ५ ऑक्टोबरला गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने उपसा व वाहतूक दोन्ही बंद केली.

एका महिन्यात शून्य. टिपर, बार्ज, गॅरेज, धक्क्यावरचे चहाचे गाडे, सगळे एकदम थांबले. राज्याच्या सकल उत्पन्नात घट झाली. सरकारला मासिक मदत आणि कर्जात सवलत देणाऱ्या योजना काढाव्या लागल्या. ५ कोटींवरून शून्यावर येण्याची किंमत ज्यांनी भरली त्यांच्यात लीजधारक सर्वांत मागे होते. त्यांच्याकडे उसळीच्या वर्षांची गंगाजळी होती, टिपरवाल्याकडे हप्ता होता.

२१ एप्रिल २०१४ च्या निकालाने दार किलकिले केले. तज्ज्ञ समितीचा अंतिम अहवाल येईपर्यंत वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा, अभयारण्ये व राष्ट्रीय उद्यानांच्या १ किलोमीटर परिसरात मनाई, लीजबाहेर डंपला मनाई, आणि विक्रीच्या रकमेतले १० टक्के कायमस्वरूपी निधीत, पुढच्या पिढ्यांसाठी. भारतात एखाद्या खनिजावर राज्यभराची वार्षिक मर्यादा आणि असा निधी एकत्र येणे हे तेव्हा नवेच होते.

मग बाजाराने आपली मर्यादा घातली. २०१५ च्या अखेरीस भाव ४० डॉलरच्या आसपास घसरला. २०११ च्या अखेरीस लावलेले ३० टक्के निर्यात शुल्क हलक्या मालासाठी टप्प्याटप्प्याने उतरवून २०१६ च्या अर्थसंकल्पात शून्यावर आणले, तेव्हा कुठे काम हलले. पण २ कोटींची मर्यादा वाटली गेली ती लीजांमध्ये. रस्त्यांमध्ये नाही.

त्याचा परिणाम सोनशीत दिसला. सत्तरीतले हे छोटे गाव. आसपासच्या डझनभर खाणींचा माल त्याच गावातून जाई, प्रत्येक खाण आपापल्या कोट्यात, आणि राज्यही मर्यादेत. एप्रिल २०१७ मध्ये धूळ आणि पाण्यासाठी गावकऱ्यांनी टिपर अडवले. चाळीसहून अधिक जणांना अटक झाली, ते जामिनाविना कोठडीत राहिले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिथल्या खाणींची संमती रोखली. राज्याचा आकडा पाळला जात असताना एक गाव गुदमरू शकते, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणार नाही.

दरम्यान राज्याने ८८ लीजांचे नूतनीकरण केले होते. त्यातले शेवटचे १२ जानेवारी २०१५ चे, म्हणजे लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा वटहुकूम निघाला त्याच दिवसाचे. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही नूतनीकरणे रद्द केली आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद. डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या चार ब्लॉकांचा (खाणक्षेत्रांचा) लिलाव झाला: डिचोली, शिरगाव-मये, मोंते द शिरगाव आणि काले. २०२४ च्या एप्रिलमध्ये डिचोली ब्लॉकमध्ये काम सुरू झाले.

विकले काय, कमावले काय

जमिनीतले खनिज ही मालमत्ता. ते विकले की मालमत्ता कमी होते आणि रोख वाढते. घरातले सोने विकून आलेल्या पैशाला कुणी पगार म्हणत नाही, पण राज्याच्या सकल उत्पन्नात खनिजविक्री पगारासारखीच धरली जाते. वाढीचा दर उसळीत फुगला आणि बंदीत कोसळला, दोन्ही वेळा कारण तेच.

१० टक्क्यांच्या निधीचा हिशेब करून पाहू. विक्रीभाव टनाला ३,००० रुपये धरला आणि २ कोटी टन विकले, तर उलाढाल ६,००० कोटी, निधीत ६०० कोटी. मुद्दल न मोडता महागाई वजा जाता ३ टक्के मिळाले तर वर्षाला १८ कोटी रुपये, कायमचे. निधी दर वर्षी वाढत गेला तरच हा आकडा अर्थपूर्ण होतो. मुद्दलाला हात लावायचा मोह पहिल्या मंदीतच होणार, आणि म्हणून निधीच्या नियमांत मंदीची व्याख्या असली पाहिजे. नुसते ‘गरजेनुसार’ लिहिले की काम संपले.

खाणबाधित भागांसाठीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा वेगळा. लिलावातल्या लीजांकडून स्वामित्वधनाच्या १० टक्के, जुन्या लीजांकडून ३० टक्के. स्वामित्वधन १५ टक्के असल्याने लिलावातल्या खाणीकडून बाधित गावांसाठी मालाच्या किमतीच्या जेमतेम दीड टक्का येतो. लिलावाने राज्याचा वाटा वाढवला आणि गावाचा उतरवला, हे फारसे बोलले जात नाही.

लिलावातल्या बोल्या, म्हणजे मालाच्या किमतीतून राज्याला देऊ केलेला वाटा, पहिल्या चार ब्लॉकांत ६० टक्क्यांच्या वर होत्या, काही त्याहून बऱ्याच चढ्या. ही टक्केवारी आणि स्वामित्वधन दोन्ही भारतीय खाण ब्युरोने जाहीर केलेल्या सरासरी भावावर लागतात. समजा निर्यातीत ४,००० रुपये मिळाले आणि जाहीर भावही ४,००० असला. ६३ टक्के बोली म्हणजे २,५२०, स्वामित्वधन ६००, प्रतिष्ठान ६०, कायम निधी ४००. उरले ४२० रुपये. त्यात उपसा, धुलाई, टिपर, बार्ज आणि बंदर. भागणार नाही. जाहीर भाव २,००० असेल तर उरतात २,०१० रुपये, आणि धंदा मजेत चालतो. तेव्हा चढ्या बोलीचा अर्थ जाहीर भाव कसा ठरतो यावर अवलंबून आहे: कोणत्या प्रतीचा माल धरला, खाणीच्या तोंडचा भाव की जहाजावरचा, आपल्याच दुसऱ्या कंपनीला विकलेला माल मोजला की नाही. देखरेख इथे हवी. आणि भाव पडला की दाबला जाणारा पहिला खर्च चाके धुण्याचा, तळे उपसण्याचा आणि डंपवरच्या जाळीचा असतो, हे विसरून चालणार नाही.

मर्यादा खालून वर

२ कोटींचा आकडा वरून आला आणि त्याने उसळी पुन्हा होऊ दिली नाही, हे त्याचे काम. पण गावाला उपयोगी मर्यादा खालून काढावी लागते, खाणींच्या एका गटासाठी, जिथला रस्ता, नाला आणि धक्का सामाईक आहेत.

रीत अवघड नाही. आधी रस्ता: घरांच्या ओसरीवरची धूळ आणि फेऱ्यांची मोजणी, त्यावरून वर्षाचे टन. मग पाणी: खाणीभोवतीच्या दोन-तीन किलोमीटरांत निवडक विहिरींची पातळी नोव्हेंबरात आणि मेमध्ये, पंचायतीच्या फलकावर लिहून. मेची पातळी आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा मीटरभर खाली गेली की त्या वर्षी खड्डा खोल करायचा नाही. मग तळी: मे अखेर रिकामी असल्याचा दाखला पंचायतीकडून, तोवर जूनचा उपसा नाही. या तिन्हींतून जो सर्वांत छोटा आकडा येईल तो त्या गटाचा कोटा. तीन खाणींना प्रत्येकी १० लाख टनांचा दाखला असला आणि रस्ता साडेअकरा लाखच पेलत असला, तर तिघांनी मिळून साडेअकरा लाख.

असा कोटा गोठलेला नसतो. तिघांनी मिळून गावाबाहेरून स्वतंत्र खाणरस्ता किंवा कन्व्हेयर पट्टा बांधला तर रस्त्याची अडचण सुटते आणि मर्यादा पुढच्या अरुंद जागी, बहुधा पाण्यापाशी, जाते. वाढ हवी त्याने अडसर स्वतःच्या खर्चाने काढावा. आजवर तो खर्च गावाने धुळीच्या रूपात आणि सरकारने कर्जमाफीच्या रूपात केला.

यातला नाजूक भाग वाटणीचा. कोटा तीन कंपन्यांत कसा वाटायचा, बोलीच्या टक्केवारीने की राखीव साठ्यानुसार, यावर भांडण होणार. स्थानिक टिपरांना फेऱ्या कशा मिळणार यावर त्याहून मोठे होणार, कारण मिनिटाला एक गाडी म्हणजे आज रांगेत असलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच घरी. भाडे फेरीवरून काढून दिवसावर नेले तर थोड्या फेऱ्यांतही हप्ता निघतो आणि घाईही उतरते. कंपन्यांना ते महाग पडते, पण टिपर थांबले की खाण थांबते, त्यामुळे बोलणी करायला वाव आहे.

पहिल्या चारपैकी तीन ब्लॉक एकट्या डिचोली तालुक्यात, एकमेकांच्या शेजारी आहेत. नुसता डिचोली ब्लॉकच सुमारे ४७८ हेक्टरांचा, अनेक जुनी लीजे एकत्र करून केलेला. त्याने डंपला लीजच्या आत जागा मिळते, ही मोठी सुधारणा. मात्र तिन्हींचे पर्यावरण अहवाल वेगळे, आणि तिन्हींच्या १० किलोमीटर अभ्यासवर्तुळांत तीच गावे, तेच नाले, धक्क्याकडे जाणारे तेच रस्ते. यांची बेरीज करायला नवा कायदा लागत नाही. हवा आणि पाणी कायद्यांखालची प्रदूषण मंडळाची संमती दर ठरावीक काळाने नवी करावी लागते, आणि सोनशीत मंडळाने तीच रोखून धरली होती. तिन्ही ब्लॉकांच्या संमतीत एकच सामाईक फेऱ्यांचा तक्ता, एकच विहिरींची यादी आणि एकच मे अखेरची तळ्यांची तपासणी ही अट घालता येते. ती तिसऱ्या खाणीचे टिपर रस्त्यावर यायच्या आधी घालावी लागेल. नंतर घातली तर कुणाच्या फेऱ्या कापायच्या या वादात ती पुन्हा न्यायालयात जाऊन बसेल.